जुन्या २४ व्होल्ट ट्रकमध्ये नवीन साउंड सिस्टिम: आधी काय, नंतर काय?

पारडी_नाका
नमस्कार मंडळी. गाडी दहाचाकी टाटा, २००९ चं मॉडेल, मागे स्लीपर. दोन बॅटऱ्या, २४ व्होल्ट. सध्या जुना कॅसेटवाला टेप आणि मागच्या फळीवर ६×९ इंची स्पीकरची जोडी. टेपला १२ व्होल्ट दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून दिलेले आहेत. आता ब्लूटूथ-पेनड्राइव्हचा टेप, पुढे दोन स्पीकर आणि चार चॅनलचा ॲम्प टाकायचा आहे. भंडारा रोडवर भरलेली गाडी पळत असताना गाण्याचे शब्द नीट ऐकू यावेत, एवढीच अपेक्षा. दुकानात सांगितलं की १२ इंची वूफर आणि मोठा ॲम्प टाका, वायरिंग आहे तीच चालेल. मला ते पटत नाही. कोणत्या क्रमाने करावं?

वायरमन_वाडी
पटत नाही तेच बरोबर आहे भाऊ. पहिल्यांदा तो मधला जोड काढा, बाकी सगळं नंतर.

कारण पाहून घ्या. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, म्हणून अल्टरनेटरमधून दोघींना सारखाच करंट जाते. पण टेप खाऊन राहिला फक्त खालच्या बॅटरीतून, म्हणजे जिचा निगेटिव्ह चेसिसला आहे तिच्यातून. रेग्युलेटरला दिसते फक्त बेरीज. २८ व्होल्ट भरले की तो थांबते, मग खालची १३.२ वर आणि वरची १४.८ वर असली तरी त्याला कळत नाही. खालची कधी पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट जमते. वरची रोज जास्त चार्ज होते, तिचं पाणी उडते. मग एक दिवस सेल्फ उचलत नाही आणि लोक म्हणतात बॅटरीच खराब निघाली.

आत्ताच तपासा. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट बंद, मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगवेगळी मोजा. दोघींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असला तर असमतोल सुरू झाला आहे. तसं निघालं तर दोन्ही बॅटऱ्या सोडवून १२ व्होल्टच्या चार्जरवर एकेक करून पूर्ण भरून घ्या, मगच परत जोडा. नुसता जोड काढला म्हणून जुना फरक आपोआप भरून निघत नाही.

त्यानंतर १२ व्होल्टसाठी २४ ते १२ चा स्विचिंग कन्व्हर्टर. बाजारात याला रिड्यूसर पण म्हणतात. हिटसिंकवर दोन-चार ट्रान्झिस्टर लावलेला जुन्या पद्धतीचा ड्रॉपर घेऊ नका. तो उरलेले १२ व्होल्ट उष्णतेत जाळते. १० अँपिअर ओढले तर १२० वॅटच्या वर नुसती गर्मी, आणि मे महिन्यात नागपुरात ती गर्मी जायला जागाच नसते.

कापसी_गॅरेज
एक बाजू राहिली. मधला जोड ठेवायचाच असेल तर बॅटरी इक्वलायझर बसवता येतो. तो वरच्या बॅटरीतला करंट खालचीकडे ढकलून दोघींचा व्होल्टेज सारखा ठेवतो. बऱ्याच बसमध्ये हीच सोय असते.

वायरमन_वाडी
बरोबर आहे दादा, पण इक्वलायझर त्याच्या रेटिंगपुरताच भरपाई करते. १० अँपिअरचा इक्वलायझर आणि ॲम्पने १८ ओढले तर वरचे ८ पुन्हा खालच्याच बॅटरीतून जातात. शिवाय त्याची एखादी वायर सैल झाली तर गाणं चालूच राहते, काही समजत नाही. कन्व्हर्टर बिघडला तर गाणं बंद पडते, म्हणजे लगेच कळते. ॲम्प लावायचा असेल तर मी कन्व्हर्टरच सांगीन.

आता किती मोठा घ्यायचा त्याचा हिशोब. चार चॅनल, प्रत्येकी ५० वॅट आरएमएस (सलग मिळणारी ताकद), म्हणजे २०० वॅट. क्लास डी ॲम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम, म्हणून आत २५० वॅट लागतील. १३.८ व्होल्टवर ते १८ अँपिअर झाले. हा जास्तीत जास्तचा आकडा आहे. गाण्याची सरासरी त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. तरी कन्व्हर्टर ३० अँपिअर सलग चालणारा घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा पुष्कळदा क्षणिक असते, 'कंटिन्युअस' किती ते आतल्या कागदावर वाचा. कमी पडणारा कन्व्हर्टर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज पाडते, आवाज फाटते, आणि लोक शिव्या देतात स्पीकरला.

२४ च्या बाजूला तोच भार साधारण १० ते ११ अँपिअर होते. म्हणून कन्व्हर्टर ॲम्पच्या शेजारी ठेवा, बॅटरीजवळ नको. लांबची वायर कमी करंटची, जास्त करंटची जाड वायर हातभर.

धरमपेठ_ऑडिओ
विजेचं वर आलंच आहे, मी आवाजाचं लिहितो. दुकानदाराचा १२ इंची वूफरचा सल्ला नेमका कुठे चुकतो ते आकड्यांत बघा.

सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला तीनदा फायर होतं. १,६०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके, म्हणजे ८० हर्ट्झ. १,४०० ला ७० हर्ट्झ. ढोलकीचा घुमारा, बेस गिटार, सगळं त्याच पट्ट्यात येतं. गाडी पळताना केबिनमध्ये त्या पट्ट्यात इंजिनाचाच घुमा भरलेला असतो. उभ्या गाडीत दणदणीत वाटलेला बेस हायवेवर गायब होतो तो यामुळे. मग माणूस बेस वाढवतो, ॲम्पची सगळी ताकद तिकडे जाते, ॲम्प क्लिप होतो (ताकद संपून आवाज फाटतो) आणि शब्द अजूनच गढूळ होतात.

आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलने वाढवायला दहापट. केबिनमधला गोंगाट ३ डेसिबलने कमी केला तर तुमचा आहे तोच ॲम्प दुप्पट झाल्यासारखं काम करतो. म्हणून माझा क्रम: विजेचा पुरवठा आणि अर्थिंग, मग केबिनचा गोंगाट, मग पुढचे स्पीकर, मग ॲम्प. वूफर सगळ्यात शेवटी, आणि तोही सीटखाली मावणारा ८ इंची पुरे.

स्पीकर घेताना वॅट बघण्याआधी सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये किती आवाज निघतो ते. ८९ डेसिबलचा आणि ९२ डेसिबलचा यांत फरक दुप्पट वॅटचा आहे. शंकू पॉलिप्रॉपिलिनचा आणि भोवतीची कड रबराची घ्या. कागदी शंकू दारातल्या ओलीने फुगतो, फोमची कड उन्हाळ्यात भुसा होते.

जागा पुढेच. कानामागे ठेवलेली ६×९ जोडी जवळून कर्कश लागते आणि शब्द पाठीमागून आल्यासारखे वाटतात. त्यांचा आवाज पुढच्यांपेक्षा कमी ठेवा, किंवा फक्त मुक्कामाला स्लीपरमध्ये ऐकण्यासाठी वापरा. टेपच्या फेडरने ते होतं.

पारडी_नाका
खूप उपयोगी पडतंय. दारात ६.५ इंची बसतील का? आणि गोंगाट कमी करायला नेमकं काय लावू? आमच्याकडे काही जण डांबरी शीट लावतात.

लकडगंज_प्लाय
डांबरी शीट लावू नका. ती छतावर गळती थांबवायची वस्तू आहे. नागपूरच्या उन्हात मऊ पडते, घसरते, केबिनभर वास सुटतो. ब्युटाइलची ॲल्युमिनियम फॉइलवाली शीट घ्या, २ मिलिमीटर जाडीची. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. बोटाने टकटक करून जिथे पत्रा डब्यासारखा वाजतो त्या मधल्या भागावर लावा, ३० ते ४० टक्के क्षेत्र झाकलं तरी कंप मरतो. आधी थिनरने ग्रीस पुसा, शीट रोलरने दाबा. खाली हवेचे फुगे राहिले तर ती सुटते.

पण शीटच्याही आधी भोकं बुजवा. रात्री बॉनेटखाली टॉर्च लावा आणि अंधाऱ्या केबिनमध्ये बसून पहा. पेडलच्या भोवती, गिअर लिव्हरच्या रबरी बूटापाशी, बॉनेट कव्हरच्या बीडिंगला जिथे उजेड दिसेल तिथूनच निम्मा गोंगाट आत येतो. बीडिंग बदला, फाटका बूट बदला, वायरच्या मोकळ्या भोकांना ग्रोमेट घाला. बॉनेट कव्हरला आतून बंद पेशींचा नायट्राइल फोम १० मिलिमीटरचा, फॉइल इंजिनाकडे. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डकडच्या बाजूला तो चिकटवू नका आणि आग न धरणाराच मागा. साधा गादीचा फोम डिझेल-ऑइल शोषतो आणि पेट घेतो.

दाराचं असं. काच पूर्ण खाली घ्या आणि पत्र्यापासून काचेपर्यंत खोली मोजा, हँडलची यंत्रणा पण फिरवून पहा. स्पीकरची खोली त्याहून निदान ५ मिलिमीटर कमी पाहिजे. कमी पडलं तर १२ मिलिमीटर प्लायची रिंग कापून स्पीकर आतल्या बाजूला उचला. प्लाय मरीनच पाहिजे, शिक्का आयएस ७१० चा. एमडीएफ दारात एक पावसाळा टिकत नाही. रिंगला कापल्यावर कडांना रंगाचे दोन हात, आणि रिंग व पत्र्यामध्ये फोमची पट्टी. स्पीकरच्या मागे वरून प्लास्टिकची पन्हाळ लावा, काचेवरून उतरणारं पाणी मॅग्नेटवर पडू नये म्हणून. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं शीटने बंद करू नका, पत्रा सडेल.

बॉडी बिल्डरकडून बांधलेली केबिन असेल तर दार पुष्कळदा पोकळच नसतं, आत लाकडी पट्ट्या असतात. तसं असेल तर दार सोडा. पुढच्या काचेवरच्या फळीच्या दोन कोपऱ्यांत, तोंड माणसाकडे तिरकं करून, छोट्या बंद खोक्यांत बसवा.

वायरमन_वाडी
आता वायरिंग, कारण इथेच निम्मी कामं बिघडतात.

जुन्या कॅसेट टेपच्या काळात बऱ्याच गाड्यांत स्पीकरचा निगेटिव्ह चेसिसला टाकलेला असते. नवीन टेपला ते चालत नाही. त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असते, एक जरी बॉडीला लागली तर आतला आयसी जाते. म्हणून जुनी स्पीकर वायर पूर्ण काढा, प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र जोडी, १.५ स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटर).

टेपचे रंग बहुतेक ठिकाणी सारखे: पिवळी कायमचा पॉझिटिव्ह, लाल चावीचा, काळी अर्थ, निळी-पांढरी ॲम्प चालू करायची. पांढरी डावा पुढचा, करडी उजवा पुढचा, हिरवी डावा मागचा, जांभळी उजवा मागचा, काळी रेघ असली की निगेटिव्ह. तरी टेपवरच्या चिठ्ठीशी जुळवून घ्या.

बॅटरी ते कन्व्हर्टर ४ स्क्वेअर तांब्याची वायर. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फूटभराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज ॲम्पसाठी नाही, वायर चेसिसवर घासून शॉर्ट झाली तर गाडी जळू नये म्हणून आहे. तो ॲम्पपाशी लावला तर मधली सगळी वायर फ्यूजविना राहते. कन्व्हर्टर ते ॲम्प ६ स्क्वेअर, मध्ये २५ चा फ्यूज. टेपला वेगळा १० चा. स्वस्त किटमधली वायर पुष्कळदा ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. टोक ब्लेडने खरवडा, चांदीसारखं दिसलं तर परत करा.

थिंबल (वायरच्या टोकाला लावायची धातूची टोपी) क्रिम्पिंग टूलनेच दाबा, पक्कडीने नाही. वर हीट-श्रिंक. काळी टेपपट्टी उन्हाळ्यात डिंक सोडून उलगडते. वायर सगळी कॉरुगेटेड पाइपात, चेसिसवर दर वितीला क्लॅम्प. सीटखाली आणि गिअरच्या आजूबाजूने नेऊ नका.

पारडी_नाका
दोन प्रश्न. अर्थ बॅटरीवरूनच घ्यावा का? आणि मुक्कामाला चावी काढून गाणी ऐकायची असतील तर?

वायरमन_वाडी
बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट घेऊ नका. तुमच्या गाडीत निगेटिव्हला कट-ऑफ स्विच (बॅटरी तोडायचा मुख्य स्विच) असेल, तर ॲम्पची वायर त्याला वळसा घालते. मग कट-ऑफ बंद असताना पूर्ण गाडीचा करंट ॲम्पच्या त्या बारीक वायरीतून परत जायला पाहते. सेल्फ मारला तर वायर लाल होऊन जळते. अर्थ घ्या चेसिसवर, कट-ऑफच्या पलीकडे. केबिन रबराच्या माउंटिंगवर बसलेली असते, म्हणून केबिनच्या पत्र्यावर भरवसा नको. केबिन ते चेसिस वेणीची पट्टी असते, ती गंजली असेल तर नवीन टाका. जागा घासून चकचकीत करा, ८ चा बोल्ट, स्टार वॉशर, नायलॉक नट, वरून ग्रीस.

जोडून झालं की ॲम्प जोरात वाजवा आणि ॲम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत डीसी व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत पाहिजे. जास्त आले तर कुठला तरी जोड खराब आहे, एकेक करून शोधा.

मुक्कामाचं असं करा. चावी चालू ठेवून गाणी ऐकू नका, अल्टरनेटरचं फील्ड आणि बाकी सगळं चालू राहते. डॅशवर वेगळा टॉगल स्विच लावा, त्याच्यावरून २४ व्होल्ट कॉइलचा रिले: ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ, ३० ला फ्यूजवरून आलेली वायर, ८७ कन्व्हर्टरला. रिले घेताना २४ व्होल्टचाच मागा, १२ चा थोड्या वेळात जळते. रिलेमुळे फायदा असा की कन्व्हर्टर रिकामा असताना पण बंद राहते. नुसता पडून राहिला तरी काही कन्व्हर्टर ०.१ अँपिअर खातात, आठवड्याचे १७ अँपिअर-तास. टेपची मेमरी पाहिजे असेल तर पिवळ्या वायरीला टेपला पुरेल असा वेगळा छोटा कन्व्हर्टर द्या.

आणि लो-व्होल्टेज कट-ऑफ लावाच. भार चालू असताना २४ व्होल्टला तोडणारा. बॅटरी स्वस्थ पडलेली असताना २४.४ म्हणजे जवळजवळ निम्मी रिकामी. त्याच्या खाली गेल्यावर पहाटे सेल्फ मागणं म्हणजे धक्का मारायला माणसं शोधणं.

धरमपेठ_ऑडिओ
ॲम्पच्या सेटिंगचं लिहून ठेवतो, कारण इथे कानावर विसंबून काम होत नाही. स्पीकर ॲम्पवरून सोडवा. टेपचे सगळे बेस-ट्रेबल शून्यावर, लाउडनेस बंद, आवाज तीन चतुर्थांशावर. पेनड्राइव्हवरून १ किलोहर्ट्झचा शून्य डेसिबल टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटवर धरा. ५० वॅट, ४ ओहम: गुणाकार २००, त्याचं वर्गमूळ १४.१. ॲम्पचा गेन (टेपचा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) हळूहळू वाढवत १४ व्होल्टवर थांबा. हीच पुढच्या चॅनलची मर्यादा. हे करताना क्रॉसओव्हर (कुठल्या स्पीकरला कुठला पट्टा जाईल ते ठरवणारी सोय) बंद ठेवा.

मग क्रॉसओव्हर: दारातल्या ६.५ इंचींना हायपास १०० हर्ट्झ, म्हणजे त्याच्या वरचंच जाईल, मागच्या ६×९ ना ७०. वूफर लावलात तर लोपास ८०, म्हणजे त्याच्या खालचंच. पुढच्यांना खालचा बेस न दिल्यामुळे ते शब्दांसाठी मोकळे होतात. टेपमधल्या आवाजाच्या इक्वलायझरमध्ये काही उचलायचंच असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झ थोडंसं, शब्दांची धार तिथे असते.

पोलॅरिटी तपासायला १.५ व्होल्टचा सेल पुरतो. सेलचा पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला क्षणभर टेकवा, शंकू बाहेर आला पाहिजे. एक आत, एक बाहेर गेला तर दोघे एकमेकांचा बेस खातात.

ॲम्प बसवायचा मागच्या भिंतीला, गर्मी सोडणारे पंख उभे, मागे दोन बोटं मोकळी जागा. गादीखाली किंवा बॉनेट कव्हरवर ठेवलेला ॲम्प एप्रिल-मेमध्ये दुपारी थर्मल प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद होतो, संध्याकाळी पुन्हा चालू होतो, आणि माणूस वायरिंग शोधत बसतो.

बर्डी_टू_बुटीबोरी
माझ्याकडे टाटा ४०७ आहे, एक बॅटरी, १२ व्होल्ट. यातलं मला काय लागू?

कापसी_गॅरेज
कन्व्हर्टर आणि २४ चा रिले सोडून सगळं. पण करंट जवळजवळ दुप्पट होतो हे लक्षात ठेवा. तोच २०० वॅटचा ॲम्प थेट बॅटरीवरून १८ अँपिअर ओढेल, म्हणून वायर ६ स्क्वेअर, फ्यूज २५ चा, रिले १२ व्होल्ट कॉइलचा आणि संपर्क ४० अँपिअरचे. लो-व्होल्टेज कट-ऑफ १२ ला. चार सिलिंडर असल्यामुळे २,००० आरपीएमला घुमा ६७ हर्ट्झच्या आसपास येतो, हिशोब तोच.

पारडी_नाका
शेवटचं विचारतो. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वरखाली होणारी शिट्टी स्पीकरमध्ये येते, ती नव्या सिस्टिममध्ये येऊ नये म्हणून?

वायरमन_वाडी
आधी अल्टरनेटर तपासा. १,५०० आरपीएम, हेडलाइट चालू, मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटऱ्यांच्या दोन टोकांवर मोजा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आले तर डायोड गेलेला आहे. तो न बदलता कितीही फिल्टर लावा, शिट्टी राहीनच.

ते ठीक असलं तर इंजिन बंद करा, ॲम्प बंद करा, मग ॲम्पकडच्या आरसीए पिना (टेपचा आवाज ॲम्पला आणणाऱ्या केबलच्या) काढा. पुन्हा चालू करून ऐका. शिट्टी तशीच असली तर दोष ॲम्पच्या पॉवर किंवा अर्थमध्ये. गेली तर टेपकडून येत आहे. टेपची काळी वायर डॅशच्या पत्र्यावरून सोडवून ॲम्पच्याच अर्थ बोल्टावर आणा, शंभरातल्या पुष्कळ शिट्ट्या इथेच मरतात. तरी राहिली तर टेप सोडवून आरसीएच्या बाहेरच्या रिंगेपासून टेपच्या बॉडीपर्यंत ओहम मोजा. जवळजवळ शून्य पाहिजे. उघडं दाखवलं तर आतला बारीक ट्रॅक जळला आहे. ॲम्प चालू असताना आरसीए काढ-घाल केली की हेच होते.

आरसीए केबल गाडीच्या एका बाजूने, पॉवरची वायर दुसऱ्या बाजूने. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. एफएमवर खरखर वाढली तर ती कन्व्हर्टरची. त्याला ॲन्टेनाच्या केबलपासून दूर सरकवा, दोन्ही बाजूच्या वायरींवर फेराइटचे क्लिप लावा. चार्जिंगचे स्वस्त यूएसबी सॉकेट पण हेच करतात, काढून पाहा.

कापसी_गॅरेज
दोन गोष्टी राहिल्या. इंजिन चालू असताना कट-ऑफ स्विच कधीही बंद करायचा नाही. बॅटरी तुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर १०० च्याही वर उसळू शकतो, कन्व्हर्टर आणि टेप दोन्ही त्यात जातात. आणि बॉडीवर वेल्डिंगचं काम निघालं तर दोन्ही बॅटऱ्यांचे टर्मिनल सोडवा, कन्व्हर्टर आणि ॲम्पचे प्लग काढा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे काम चालू आहे त्याच्या वितीभर अंतरावर लावायला सांगा. वेल्डरला हे आपणहून सुचत नाही, ड्रायव्हरने उभं राहून करून घ्यावं.

पारडी_नाका
वेगवेगळं मोजलं. खालची १३.४, वरची १४.५. मधला जोड आज काढतो, दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला टाकतो. त्यानंतर टॉर्च लावून बॉनेटची बीडिंग बघतो. ॲम्प घ्यायचं तूर्तास थांबवलंय.

वायरमन_वाडी
वरचीचं पाणी पाहून घ्या भाऊ, प्लेटा उघड्या पडल्या असतील. असल्या तर प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, रेघेपर्यंत चार्जिंग झाल्यावर. आधीच पूर्ण भरलं तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन ट्रेमध्ये सांडते.